बेळगाव भागात रान घेताय? आधी तीन फूट खड्डा काढा

वर्षातून पाच-सहा वेळा तरी मला हा फोन येतो. पुण्याची नोकरी संपवून कुणीतरी गावी परतलेलं असतं, वाटणीत दीड-दोन एकर आलेलं असतं, नाहीतर खानापूर रस्त्याला नवं रान घेतलेलं असतं. पहिलाच प्रश्न, "काय लावू?" मी विचारतो, रान कसलं आहे? "तांबडं आहे." किंवा जरा ऐटीत, "काळं आहे, एकदम भारी." पुढं काही माहीत नसतं. आमच्या भागात नुसत्या रंगावरून पीक ठरवलेले बरेच जण दुसऱ्या वर्षी रान खंडानं देऊन मोकळे झालेले मी पाहिलेत. रंग बघाच, पण पैसे घालायच्या आधी दोन गोष्टी कळायला हव्यात: माती किती खोल आहे आणि पाणी जातं कुठं. पुढचं सगळं त्या दोन प्रश्नांसाठी आहे.

आपण कुठल्या पट्ट्यात आहोत?

बेळगाव जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडं गाडीनं पार करा, एका दिवसात तीन मुलखांतून गेल्यासारखं वाटेल. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं वर्षाचा पाऊस हजारांत मोजतात. बेळगाव शहरात तो बाराशे-तेराशे मिलिमीटरवर येतो. अथणीकडं पाच-सहाशे मिलिमीटर झाला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात.

मातीचा निम्मा स्वभाव या पावसानं ठरवलाय. पश्चिमेला शतकानुशतकं पावसानं मातीतला चुना, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅश) धुऊन नेला. मागं राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून ती तांबडी आणि आम्ल. पूर्वेला धुऊन न्यायला पाऊसच पुरेसा नाही, तेव्हा चुना जागेवर राहिला, आणि काळ्या रानात दोन फुटांवर चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. उरलेला निम्मा स्वभाव खडकाचा. चिकोडी, निपाणी, अथणीकडं दख्खनचा काळा पाषाण. गोकाक-रामदुर्गकडं वालुकाश्म आणि क्वार्टझाइट. गोकाकच्या धबधब्याचा कडा त्याच खडकाचा. डोंगरमाथ्यांवर आणि बेळगाव शहराच्या आसपास जांभा, ज्याचे चिरे जुन्या घरांच्या भिंतीत अजून दिसतात.

धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी याच पट्ट्यांप्रमाणे येतात. खानापूर डोंगरी पट्ट्यात. बेळगाव, हुक्केरी, चिकोडी-निपाणी, बैलहोंगल संक्रमण पट्ट्यात. अथणी, रायबाग, गोकाक, रामदुर्ग, सौंदत्ती कोरड्या पट्ट्यात. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात बियाणं मागताना "आमच्या पट्ट्यासाठी कुठलं वाण" असं विचारा. नुसतं "चांगलं वाण द्या" म्हटलं, तर त्या दिवशी गोदामात जे असेल ते हातात पडतं.

उतारा वाचा, आणि शेजाऱ्याला विचारा

आपल्याकडचा, म्हणजे कर्नाटकातला उतारा म्हणजे आरटीसी, सातबाऱ्यासारखाच, आणि तो कन्नडात असतो. वाचता येत नसेल तर येणाऱ्याला शेजारी बसवा, पण वाचल्याशिवाय सोडू नका. त्यात 'मण्णिन नमूने' म्हणजे मातीचा प्रकार असा रकाना आहे. तो कितीतरी जुन्या पाहणीवरून भरलेला असतो, त्यावर फार विसंबू नका. मी आधी खराब्याचा रकाना बघतो. 'फूट खराब'मध्ये अ म्हणजे पिकाला निरुपयोगी, खडक-ओघळ वगैरे. ब म्हणजे रस्ता, नाला अशी सार्वजनिक वापराची जागा. दोन एकर रानात बारा गुंठे खराबा अ दिसला, तर खडक कुठंतरी वर आलेला आहे एवढं घरबसल्या कळलं. पुढं खुश्की (जिरायत), तरी, बागायत अशी वर्गवारी असते. तरी म्हणजे भाताचं पाणथळ रान. आज तिथं घर बांधायच्या गप्पा चालल्या असतील, पण आजोबांच्या काळी तिथं पाणी उभं राहायचं हे त्या एका शब्दानं कळतं.

मग गावात जा. मराठी बोलणारा शेतकरी माळ, बरड (उथळ, हलकं), मुरमाड, मळीचं रान (नदीकाठचा गाळ), चोपण (सोडियमनं बिघडलेलं) असं सांगेल. कन्नड बोलणारा मसारी म्हणेल, म्हणजे तांबडी. एरी म्हणजे काळी. मड्डी म्हणजे उंचावरचा माळ. आणि 'सवळु-जवळु' म्हटलं की कान टवकारा, खार आणि पाणथळ दोन्ही एकत्र. शेताचं नावही विचारा. 'मड्डी', 'तळ्याकडचं', 'कातळाचा तुकडा' असली नावं कुणी हौसेनं ठेवत नाही.

रान दोनदा बघा. विकणारा नेहमी उन्हाळ्यात दाखवतो, तेव्हा सगळंच सपाट, कोरडं, शहाणं दिसतं. जुलैत संततधार लागली असताना छत्री घेऊन पुन्हा जा. पाणी कुठून येतं, कुठं साचतं, बांध कुठं फुटतो, शेजाऱ्याचं पाणी तुमच्या अंगावर येतं का, हे तासाभरात कळतं. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात बळ्ळारी नाल्याकाठची भाताची रानं पोटरीएवढ्या पाण्याखाली दिवसच्या दिवस राहतात. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठी रान असेल तर २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं ते विचाराच. लोक विजेच्या खांबावर हात ठेवून खूण दाखवतात.

आता खड्डा

साहित्य: पहार, खोरं, पाण्याची घागर, मोजपट्टी. तीन फूट खोल, उतरून बघता येईल एवढा रुंद. एक नव्हे, दोन. एक उंचवट्यावर, एक सखलात. जेसीबी बोलावू नका, तो सगळे थर एकत्र कालवून ठेवतो.

माझ्या पश्चिमेकडच्या रानात खड्डा काढला तेव्हाचं सांगतो. वरचे सात-आठ इंच तपकिरी-तांबडी माती, गवताच्या मुळ्यांनी भरलेली. मुठीत दाबली की गोळा व्हायची आणि अंगठ्यानं टोचली की भुगा. फुटाच्या आत खोऱ्याला बारीक गोल खडे लागायला लागले, वाटाण्याएवढे, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे. दीड फुटावर पहार ठण्ण वाजली. जांभा. बाजूला चार ठिकाणी ठोकून पाहिलं, तोच आवाज. तिथून नाल्याकडं चाळीस पावलं खाली गेलो. वरून माती अगदी तशीच तांबडी. पहार साडेतीन फूट गेली, कुठं अडली नाही. पण दोन फुटांच्या खाली मातीत करड्या-पिवळ्या ठिपक्यांची नक्षी होती, चित्त्याच्या कातड्यासारखी, आणि ती बोटांना साबणासारखी लागत होती. हे ठिपके म्हणजे त्या थरात पावसाळ्याचे महिने पाणी तुंबतं आणि हवा जात नाही.

उताऱ्यावर एकच सर्व्हे नंबर, वरून एकच रंग, आणि आत दोन वेगळी रानं. वर मी रताळी आणि नाचणा करतो, खाली भात. पहिल्या वर्षी सगळ्या रानात बटाटा लावणार होतो. तसं केलं असतं तर खालचा निम्मा कुजला असता.

खड्ड्यात आणखी तीन गोष्टी बघा. मुळं कुठवर गेलीत आणि कुठं आडवी वळलीत. आडवी वळली त्या खोलीवर घट्ट थर आहे, बहुतेक वेळा वर्षानुवर्षं एकाच खोलीच्या नांगरटीनं झालेला. काळं रान असेल तर भेगा किती खोल आहेत आणि ढेकळांच्या बाजू चकचकीत घासलेल्या दिसतात का. दिसत असतील तर ती फुगणारी-आकसणारी भारी माती आहे. आणि पांढरे खडे असतील तर त्यावर लिंबू पिळा. फसफसलं की चुनखडी.

मग घागरभर पाणी ओता. काळ्या रानात त्यासाठी शेजारी एक फुटाचा वेगळा लहान खड्डा काढा. पहिलं पाणी जिरू द्या, दुसऱ्यांदा भरून घड्याळ लावा. तांबड्या माळावर तासाभरात तळ दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच असेल तर तिथं डाळिंब, पपई, आलं, हळद यांचा विचार सोडा, निदान चर काढल्याशिवाय.

हाताच्या चाचण्या

मूठभर मातीतले खडे काढा, थोडं पाणी घालून कणकेसारखी मळा, मग अंगठा आणि तर्जनीच्या मधून पट्टी काढत जा. पट्टी होतच नाही, करकरते, ती रेताड. इंचभर होऊन तुटते ती मध्यम पोयट्याची. दोन इंचांपेक्षा लांब, लवचिक, चमकणारी पट्टी म्हणजे चिकण माती. खानापूरच्या काही शिवारांत ही पट्टी बोटभर लांब लोंबते, आणि तिथं कुंभारकाम, कौलं, विटा का वाढल्या हे हातालाच समजतं. केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थाही खानापुरातच आहे. फुलदाणीला उत्तम माती भुईमुगाला मात्र नकोशी. शेंग काढायला गेलात की आऱ्या, म्हणजे शेंगेचे देठ, तुटून शेंगा जमिनीतच राहतात.

दुसरी चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण पैसा लागत नाही आणि ती चोपण रान पकडून देते. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बाजारातलं डिस्टिल्ड पाणी घ्या. बोअरचं नको. हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. दहा मिनिटांत, मग दोन तासांनी बघा. ढेकूळ फुटून तळाला पडलं पण पाणी निवळ राहिलं, तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखं वलय पसरून पाणी गढूळ होत गेलं, तर मातीत सोडियम जास्त आहे. असं रान ओलं असताना लोण्यासारखं घसरतं आणि वाळलं की कुदळ उसळी मारते.

तणंही बोलतात. पाणकणीस म्हणजे पाणी कायम वर. लव्हाळा माजलाय तर ओल टिकते. तरवड आणि खुरटं गवत म्हणजे माती उथळ, खाली मुरूम. करवंद-जांभळीची झुडपं बांधावर असतील तर निचरा चांगला असतो. काळ्या रानात कुंदा असेल तर किमतीत तेवढे पैसे कमी करून मागा. तो काढताना दोन उन्हाळे जातात.

नमुना कसा घ्यायचा, आणि मी कसा घेतला होता

माती परीक्षणाचा नमुना रब्बीचं पीक निघाल्यावर, उन्हाळ्यात, खत टाकायच्या आधी घ्यायचा. रानाचे रंग, उतार, खोली, आधीचं पीक यांप्रमाणे भाग पाडा. प्रत्येक भागाचा नमुना वेगळा. एका भागात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणं निवडा. वरचा पालापाचोळा बाजूला करून सहा इंच खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करा आणि त्याच्या तिरक्या बाजूची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची चकती काढा. सगळ्या चकत्या प्लॅस्टिकच्या बादलीत मिसळा, स्वच्छ कापडावर पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा. युरियाच्या रिकाम्या पिशवीत भरू नका. चिठ्ठीवर नाव, गाव, सर्व्हे नंबर, जिरायत की बागायत, मागचं पीक, पुढचं पीक. फळबाग करायची असेल तर एक, दोन आणि तीन फुटांचे नमुने वेगवेगळे लागतात.

बांध, झाडाची सावली, विहिरीचा काठ, जनावरं बांधायची जागा आणि शेणखताचा ढीग पडायचा तो कोपरा वगळा. हे मी पहिल्या वर्षी केलं नाही. वाकायचा कंटाळा म्हणून रस्त्याकडच्या मऊ कोपऱ्यातून तीन खड्डे काढले. अहवाल आला: सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरद (फॉस्फरस) भरपूर. खुशीत मी शेणखत घातलंच नाही. बटाटे निघाले लिंबाएवढे. नंतर शेजारच्या काकांनी सहज सांगितलं, "त्या कोपऱ्यात तुझ्या आजोबांचा उकिरडा होता की."

नमुना रयत संपर्क केंद्रात देता येतो. पूर्वेकडच्यांना बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पचं आणि गोकाककडं तुक्कानट्टीचं कृषी विज्ञान केंद्र जवळ पडतं. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते आणि तिच्यात १२ गोष्टींची मोजमापं असतात.

अहवालातलं काय बघायचं

बारापैकी तीन आधी वाचा, बाकीच्या नंतर.

सामू, म्हणजे पीएच. साडेसहा ते साडेसात म्हणजे मधला. पश्चिमेला पाच-साडेपाच येतो, पूर्वेला आठच्या वर. नवखा माणूस पाच आकडा बघून घाबरतो आणि दुकानदार लगेच चुन्याची पोती दाखवतो. थांबा. बटाट्याला आम्ल रान चालतं, उलट चुना टाकला तर सालीवर खवल्या पडायचा रोग बळावतो. रताळी, काजूलाही फरक पडत नाही. भाताच्या खाचरात पाणी उभं राहिलं की काही आठवड्यांत सामू आपोआप सातकडं सरकतो. चुना लागतो तो सोयाबीन, भुईमूग, मका, भाजीपाला तांबड्या रानात घ्यायचा असेल तर. तोही प्रयोगशाळेनं सांगितला तेवढाच, पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी, आणि युरिया किंवा डीएपीच्या जोडीनं कधीच नाही. तांबड्या मातीची खरी खोड वेगळी आहे. टाकलेलं स्फुरद तिथलं लोह-ॲल्युमिनियम धरून बसतं, पिकाला मिळत नाही. म्हणून तिथं स्फुरदाचं खत फोकून न देता बियाण्याखाली ओळीत आणि शेणखतात मुरवून द्यायचं.

सेंद्रिय कर्ब. अर्ध्या टक्क्याच्या खाली कमी, पाऊण टक्क्याच्या वर चांगला. पूर्वेच्या उसाच्या रानात तो खाली घसरलेला दिसतो, कारण पाचट पेटवायची सवय.

विद्युत वाहकता, म्हणजे क्षार. मृदा पत्रिकेत हा आकडा एकच्या आत असेल तर निश्चिंत राहा. त्याच्या वर गेला तर बोअरचं पाणीही तपासा. रान सुधारत बसायचं आणि त्यात खारं पाणी सोडायचं, असा धंदा चाललेला मी बघितलाय.

कुठल्या रानात काय

पश्चिमेचं तांबडं उथळ रान. उचगाव, बेक्किनकेरी, तुरमुरी, कुद्रेमानीकडं रताळी का होतात हे आता लक्षात येईल: माती भुसभुशीत, पाणी निथळतं, कंद फुगायला जागा मिळते. सरी-वरंबा करून वेल लावतात, वरंबा उंच ठेवतात. कडोली, अगसगे, देवगिरी भागात पावसाळी बटाटा आणि भाजी, तेही याच कारणानं. पण ही माती पाऊस थांबला की आठ दिवसांत सुकते आणि वर पापुद्रा धरते, तेव्हा कोळपणी चुकवून चालत नाही. भरखत दरवर्षी. काजू लावणाऱ्यांना एकच विनंती: पहार तीन फूट जात नाही तिथं खड्डा फोडून, माती भरून रोप लावाल, ते चार वर्षं छान दिसेल, मग मुळं कुंडीतल्यासारखी गोल फिरतील. आणि खानापूरच्या जंगलालगत ऊस करणार असाल तर माती नंतर, आधी गव्यांचा विचार करा.

भाताची खाचरं. हा आमचा जीव. सखल भागातली चिकण, खाली पाणी धरणारा थर असलेली रानं. येळ्ळूर-शहापूर-वडगावचा बासमती याच मातीवर नावाला आला. आता इंद्रायणीसारखी वाणंही तिथं दिसतात. खानापूर-बेळगावकडं रोहिणी नक्षत्रात, मेअखेर, कोरड्या मातीत कुरीनं, म्हणजे पाभरीनं, धूळवाफ पेरणी करतात, आणि पाऊस आला की उगवून येतं. नवख्यानं ही पेरणी करताना एक सांभाळायचं: रान आधी दोन-तीनदा कुळवून माती पिठासारखी झालेली पाहिजे आणि तण मेलेलं पाहिजे. नाहीतर जूनमध्ये भात कुठलं आणि गवत कुठलं हे ओळखण्यात भांगलणीचे पैसे जातात. जास्त पाण्याच्या सखल रानात चिखलणी करून रोप लावण बरी.

भात निघाल्यावर ओल जाऊ देऊ नका. कापणीनंतर चार-पाच दिवसांत वाफसा येतो, म्हणजे पेरता येईल एवढीच ओल राहते, तेवढ्यात मसूर, हरभरा किंवा वाटाणा पडला पाहिजे. बेळगावच्या मसुराची चव ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पाणी द्यावं लागत नाही, पहाटेच्या दवावर आणि मातीतल्या ओलीवर पीक निघतं. एक आठवडा उशीर झाला की माती दगड होते आणि बी तसंच पडून राहतं.

मधला मिसळीचा पट्टा, हुक्केरी-संकेश्वर-निपाणी. इथं माती दर दोन बांधांआड बदलते. मध्यम काळी, चांगल्या निचऱ्याची असेल तर सोयाबीन, भुईमूग, मिरची, तंबाखू, ऊस, काहीही. संकेश्वरी मिरची आणि निपाणीची तंबाखू दोन्ही याच मध्यम मातीची लेकरं. नवख्यानं निवडायला मला विचाराल तर हाच पट्टा.

भारी काळं रान, बैलहोंगल-सौंदत्तीपासून रायबाग-अथणीपर्यंत. तीन-चार फूट खोल एरी असेल तर पावसाळ्यात ती पाणी पोटात साठवते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेला शाळू, हरभरा त्यावर निघतो. कापूस, गहूही. कामाचे दिवस मात्र मोजकेच असतात. ओली असताना औत घातलं तर चिखलाच्या विटा, वाळल्यावर घातलं तर ढेकळं. मधल्या तीन-चार दिवसांत बैल किंवा ट्रॅक्टर हाताशी असायला हवा. भाड्याच्या ट्रॅक्टरवर अवलंबून असाल तर हे रान जरा अवघडच. चुनखडीच्या रानात उसावर, भुईमुगावर केवडा पडतो, पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. तिथं लोह जमिनीतून दिलं तर चुना ते अडवतो. फेरस सल्फेटची अर्ध्या टक्क्याची फवारणी पानांवर करा.

नदीकाठची मळी. उत्तम. पूर झेपणार असेल तर.

सवळु-जवळु रान स्वस्त मिळतं तेव्हा

कृष्णाकाठ आणि घटप्रभेच्या कालव्याखालचा भाग इथं ही रानं आहेत. हिडकल धरणाचं पाणी आलं, ऊस आला, भारी काळ्या रानात पाटानं पाणी सोडणं सुरू झालं. खालचं पाणी वर चढलं आणि चढताना क्षार घेऊन आलं. असं रान निम्म्या किमतीत मिळतं आणि नवख्याला मोह होतो.

घ्यायच्या आधी ते खारं आहे की चोपण, हे ठरवा. खाऱ्या रानावर उन्हाळ्यात पांढरी मिठासारखी पापुद्री दिसते, आणि मघाच्या ग्लासातलं पाणी निवळ राहतं. त्याला जिप्सम लागत नाही. त्याला चर लागतो आणि क्षार धुऊन न्यायला गोडं पाणी लागतं. चोपण रान वर काळपट तेलकट दिसतं, ग्लासात दूध होतं, सामू साडेआठच्या वर. त्याला जिप्सम लागतं, मातीत मिसळून, वर पाणी सोडून. पण निचऱ्याची वाट आधी केलेली हवी, नाहीतर सुटलेलं सोडियम तिथंच घुटमळतं. पोत्यांची पोती जिप्सम खाऱ्या रानात ओतणारे लोक आहेत, रान तसंच राहिलं. आणि चर काढायचा म्हणजे पाणी शेजाऱ्याच्या बांधाला जाणार. तो हो म्हणतोय का, हे सौद्याच्या आधी विचारा. मधल्या काळात हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून फुलायच्या आधी गाडा. तो अशा रानातही तग धरतो.

राहिलेलं काम

खड्डा बुजवायचा आहे. काढताना वरच्या फुटाची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाकली असेल, तर आता खालची खाली, वरची वर. उलटं केलंत तर त्या जागी चार-पाच वर्षं पीक खुरटं दिसतं आणि वरून जाणारा प्रत्येक जण विचारतो, इथं काय पुरलंय? वर टोपलीभर माती उंच ठेवा, पहिल्या मोठ्या पावसात ती बसते. बांधावर चुन्यानं खूण करून वहीत लिहून ठेवा कुठं काढला होता, किती खोल गेला, काय लागलं. तीन वर्षांनी पुन्हा नमुना घेताना तीच जागा लागेल.